कवीची शाळा: रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातले नेमके काय टिकले?

माणगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवतो. मागच्या हिवाळ्यात बोलपूरला उतरून शांतिनिकेतन पाहून आलो आणि तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

रवींद्रनाथ ठाकूर हे स्वतः शाळेत न टिकलेले विद्यार्थी होते. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगॉल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशा एकामागून एक शाळा झाल्या आणि एकीतही त्यांचे मन लागले नाही. नॉर्मल स्कूलमधले एक पंडित इतके अपशब्द वापरत, की हा मुलगा वर्षभर त्यांच्या एकाही प्रश्नाला उत्तर न देता वर्गात शेवटी बसून राहिला. वार्षिक परीक्षेत मात्र बंगालीत त्यालाच सर्वांत जास्त गुण मिळाले. पंडितांनी पक्षपाताची तक्रार केली, फेरपरीक्षा झाली आणि पुन्हा तोच पहिला आला. हा प्रसंग त्यांनी आपल्या आठवणींत सांगितला आहे. त्याच आठवणींत ते सांगतात, की घरी व्हरांड्याच्या कठड्याचे गज हे त्यांचे विद्यार्थी असत आणि हातात छडी घेऊन ते त्या गजांना बडवत. मुलाने शाळेतून पहिल्यांदा काय उचलले, तर छडी. मी शिक्षक असल्याने हे वाक्य मला फार लागले.

अशा माणसाने वयाच्या चाळिसाव्या वर्षी, २२ डिसेंबर १९०१ रोजी, पाच मुलांना घेऊन शाळा सुरू केली. कवीला शाळा का काढावीशी वाटली? आणि २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला, तेव्हा जपण्यासारखे म्हणून जे ठरले, त्यात ती शिकवण्याची रीत कितपत उरली आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

केतकी

फार चांगला विषय. माझ्या समजुतीप्रमाणे शांतिनिकेतन रवींद्रनाथांनीच वसवले. कोलकात्याच्या गजबजाटाला कंटाळून त्यांनी माळरानावर जागा घेतली आणि आश्रम उभारला.

कोपईकाठी

केतकीताई, एक दुरुस्ती सुचवतो. मी नोकरीनिमित्त बारा वर्षे बीरभूम जिल्ह्यात राहिलो आहे. ती जागा रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ यांनी १८६३ मध्ये रायपूरच्या जमीनदारांकडून घेतली, तेव्हा रवींद्रनाथ दोन वर्षांचे होते. उजाड लाल माळावर छातिमची दोन झाडे होती आणि त्यांच्या सावलीत महर्षी ध्यानाला बसत. पुढे १८८८ मध्ये त्यांनी विश्वस्तपत्र करून ती जागा उपासनेसाठी दिली. तेथे मूर्तिपूजा होऊ नये, वर्षाला एक मेळा भरावा आणि ब्रह्मविद्यालय असावे, असा त्यात उल्लेख आहे. शांतिनिकेतनातल्या पौष मेळ्याचे मूळ त्या विश्वस्तपत्रात आहे. शाळेची पहिली कल्पनासुद्धा रवींद्रनाथांचे पुतणे बलेंद्रनाथ यांची. ते १८९९ मध्ये अकाली गेले आणि ते काम रवींद्रनाथांनी हाती घेतले.

म्हणजे जमीन वडिलांची आणि कल्पनेचे बीज पुतण्याचे. त्याने रवींद्रनाथांचे मोठेपण उणे होत नाही, परंतु एकट्या प्रतिभावंताने सारे शून्यातून उभे केले, अशी जी कथा सांगितली जाते, ती खरी नाही.

रानजाई

छातिम म्हणजे आपली सातवीण. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर पावसाळा सरल्यावर जिचा उग्र गंध संध्याकाळी दाटतो, तीच सप्तपर्णी. विश्वभारतीच्या, म्हणजे शांतिनिकेतनातल्या विद्यापीठाच्या, दीक्षान्त समारंभात विद्यार्थ्यांना सातविणीची पाने देण्याची परंपरा आहे.

माणगंगाकाठ

रानजाई, आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ सातवीण आहे. शांतिनिकेतनात पाहिलेले झाड हेच, हे मला आज तुमच्यामुळे कळले. मनापासून आभार.

अक्षरवेल

"कवीला शाळा का काढावीशी वाटली" या प्रश्नाचे उत्तर मला १८७३ च्या प्रवासात सापडते. मुंज झाल्यावर अकरा-बारा वर्षांच्या रवीला घेऊन देवेंद्रनाथ आधी शांतिनिकेतनला आणि मग हिमालयात डलहौसीला गेले. कोलकात्यात जोडासांकोच्या ठाकूर घराण्याच्या वाड्यात तोवर त्याचे दिवस नोकरांच्या ताब्यात गेले होते. एक नोकर तर त्याच्याभोवती खडूने वर्तुळ आखून, त्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, असे बजावून निघून जाई. प्रवासात वडिलांनी त्याच मुलाच्या हाती खर्चाची पेटी दिली, आपल्या सोन्याच्या घड्याळाला किल्ली देण्याचे काम दिले आणि माळावर एकट्याने भटकायला मोकळीक दिली. त्याने खोआईतून, म्हणजे पावसाने कोरलेल्या त्या लाल घळींतून, रंगीत खडे गोळा करून आणले, तर वडिलांनी त्यांचे कौतुक केले. रात्री आकाशातले तारे दाखवले आणि पहाटे संस्कृतचा पाठ घेतला.

विश्वास, मोकळीक, निसर्ग, आणि शेजारी बसून शिकवणारा वडीलधारा: पुढे शाळेत जे काही आले, ते सारे या काही महिन्यांत आहे, असे मला वाटते. आपल्याला मिळालेल्या सर्वोत्तम दिवसांसारखे दिवस इतर मुलांनाही मिळावेत, एवढ्या इच्छेतून ती शाळा उभी राहिली. शिक्षणशास्त्राचे विचार नंतर आले.

सुधन्वा

अक्षरवेल यांचा प्रतिसाद सुंदर आहे, परंतु मला त्यात एक बाजू राहिल्यासारखी वाटते. विचार नंतर आले, हे बरोबर नाही. शाळेच्या नऊ वर्षे आधी, १८९२ मध्ये, त्यांनी 'शिक्षार हेरफेर' हा निबंध लिहिला होता. परक्या भाषेतून शिकल्यामुळे मुलाचे शिकणे आणि जगणे यांची सांगड कधी बसतच नाही, हे त्याचे सार. ते जन्मभर याच मुद्द्यावर ठाम राहिले. १९३७ मध्ये कोलकाता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांनी भाषण बंगालीत केले. त्या व्यासपीठावर असे प्रथमच घडत होते. त्याच वर्षी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांनी अणूपासून नक्षत्रलोकापर्यंतची ओळख करून देणारे 'विश्वपरिचय' हे विज्ञानाचे पुस्तक सोप्या बंगालीत लिहिले आणि ते शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केले. नोबेल मिळालेल्या कवीने उतारवयात मुलांसाठी आणि सामान्य वाचकांसाठी भौतिकशास्त्र लिहायला बसावे, यातला आग्रह मराठी शाळांची चिंता करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेतला पाहिजे.

निवृत्त गुरुजी

सुधन्वा यांच्याशी पूर्ण सहमत. बंगालमधील मुले ज्यातून अक्षरे शिकत आली, ते 'सहज पाठ' रवींद्रनाथांनी लिहिले आणि त्यातली चित्रे नंदलाल बोस यांनी काढली. १९३० चे हे पुस्तक. देशातील सर्वांत मोठा कवी आणि सर्वांत मोठ्या चित्रकारांपैकी एक यांनी मिळून पहिलीचे पुस्तक करावे, हे मी पस्तीस वर्षे माझ्या सहकाऱ्यांना सांगत आलो.

चाफेकळी

या चर्चेत मला एक अवघड मुद्दा मांडायचा आहे. आदर कमी करण्यासाठी मी तो मांडत नाही.

१८८९ मध्ये पुण्यात पंडिता रमाबाईंचे व्याख्यान झाले, तेव्हा रवींद्रनाथ श्रोत्यांत होते. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायाधीश असल्याने त्यांचे आपल्या भागात येणे-जाणे होते. स्त्रिया सर्व बाबतींत पुरुषांच्या बरोबरीच्या आहेत, असे रमाबाई सांगू लागताच काही पुरुषांनी गोंधळ घालून व्याख्यान बंद पाडले. रवींद्रनाथांनी त्याविषयी लेख लिहिला. गोंधळ घालणाऱ्यांना त्यांनी दोष दिला, परंतु रमाबाईंचे म्हणणे मान्य केले नाही. स्त्रीचे स्वाभाविक क्षेत्र घर आहे, अशाच अंगाने त्यांनी मांडणी केली. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

आणि १९०१ या वर्षाकडे पाहा. डिसेंबरमध्ये शाळा उघडली आणि त्याच वर्षी आधी त्यांनी दोन मुलींची लग्ने लावली होती. माधुरीलता चौदा वर्षांची होती आणि रेणुका दहा वर्षांची. धाकटी मीरा १९०७ मध्ये तेराव्या वर्षी बोहल्यावर चढली. मुलग्यांसाठी झाडाखालची मोकळी शाळा आणि स्वतःच्या मुलींसाठी बालविवाह, या दोन गोष्टी एकाच वर्षात आणि एकाच घरात घडल्या. धागाकर्त्यांनी विचारले आहे, की त्या शाळेतले काय टिकले. मला आधी विचारावेसे वाटते, की ती शाळा कोणासाठी होती?

केतकी

चाफेकळी, हे मला अजिबात ठाऊक नव्हते. वाचून वाईट वाटले.

अक्षरवेल

चाफेकळी, तुम्ही दिलेली माहिती खरी आहे आणि ती झाकू नये. मला त्यापुढचा प्रवास जोडायचा आहे. १९१० मध्ये त्यांनी थोरला मुलगा रथींद्रनाथ याचा विवाह प्रतिमादेवी या बालविधवेशी लावून दिला. १९१४ मध्ये त्यांच्या 'स्त्रीर पत्र' या कथेतली मृणाल नवऱ्याचे घर सोडून जाते आणि पत्राने ते त्याला कळवते. विश्वभारतीत मुली मुलांबरोबर शिकल्या, रंगमंचावर नाचल्या, आणि १९२९ मध्ये जपानहून आलेल्या ताकागाकी यांच्याकडून जुजुत्सूसुद्धा शिकल्या. भद्र, म्हणजे सुशिक्षित प्रतिष्ठित, घरातील मुलीने लोकांसमोर नाचणे तेव्हाच्या बंगालमध्ये किती धाडसाचे होते, हे लक्षात घेतले पाहिजे. पुण्यातल्या त्या व्याख्यानानंतरचा हा माणूस बदलत गेला, असे मी म्हणेन.

चाफेकळी

बदलले, हे मान्य. परंतु रेणुका १९०३ मध्ये बाराव्या वर्षी क्षयाने गेली. बापाचा हा बदल तिच्या वाट्याला आला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोपईकाठी

या मुद्द्यालाच जोडून जातीविषयी लिहितो. सुरुवातीच्या ब्रह्मचर्याश्रमावर, म्हणजे या शाळेच्या पहिल्या रूपावर, प्राचीन गुरुकुलाची दाट छाया होती. ब्राह्मण विद्यार्थ्यांनी ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पायांना हात लावून नमस्कार करावा का, असा प्रश्न १९०२ मध्ये उभा राहिला, तेव्हा रवींद्रनाथांनी रूढी मोडण्याचे टाळले. पुढच्या काही वर्षांत त्यांनीच हे सारे मागे टाकले. १९१० च्या सुमाराची 'गोरा' ही कादंबरी आणि त्यानंतरचे 'अचलायतन' हे नाटक वाचले, की त्या मंथनाचा अंदाज येतो. 'अचलायतन' ही तर नियमांनी गुदमरलेल्या एका विद्यालयाचीच गोष्ट आहे. स्वतः शाळा चालवणाऱ्या माणसाने, शाळा कशी कोंडवाडा होऊ शकते, यावर नाटक लिहावे आणि आपल्याच विद्यार्थ्यांना दाखवावे, हे मला त्यांच्या प्रामाणिकपणाचे मोठे लक्षण वाटते.

तिसरा तास

पैशाचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. मी एका छोट्या शाळेचे हिशेब पाहतो, त्यामुळे माझे लक्ष तिकडेच जाते.

सुरुवातीला मुलांकडून शुल्क घेतले जात नव्हते. पत्नी मृणालिनीदेवींनी शाळेसाठी आपले दागिने दिले आणि मुलांच्या जेवणाखाण्याकडे लक्ष पुरवले. शाळा एक वर्षाची होण्याआधीच, नोव्हेंबर १९०२ मध्ये, त्या गेल्या. पुढच्या पाच वर्षांत रेणुका गेली, शाळेचे तरुण शिक्षक सतीशचंद्र राय देवीने गेले, वडील गेले आणि १९०७ मध्ये अकरा वर्षांचा मुलगा शमींद्रनाथ कॉलऱ्याने गेला. शमी गेला, त्यानंतरच्या रात्री आगगाडीतून येताना आकाश चांदण्याने भरून वाहत होते आणि त्यात कुठेही काही कमी पडलेले दिसले नाही, असे त्यांनी कितीतरी वर्षांनी मीराला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. या सगळ्यात शाळा बंद पडली नाही, हे मला त्यांच्या कोणत्याही कवितेइतकेच मोठे वाटते.

१९१३ च्या नोबेलची रक्कम त्यांनी आपल्या जमीनदारीतल्या पतिसरच्या कृषी बँकेत ठेवली. शेतकऱ्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवावे आणि येणाऱ्या व्याजावर शाळा चालावी, असा दुहेरी हेतू होता. पुढे ते पैसे बुडाले. १९३६ मध्ये पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचे रवींद्रनाथ 'चित्रांगदा' नृत्यनाट्य घेऊन उत्तर भारतात गावोगावी फिरत होते, कारण विश्वभारतीची तिजोरी रिकामी होती. दिल्लीत गांधीजींना हे पाहवले नाही. त्यांनी साठ हजार रुपयांची सोय करवून दिली आणि दौरा थांबवण्याची विनंती केली.

निवृत्त गुरुजी

गांधीजींचा उल्लेख आला, म्हणून साताऱ्याच्या धागाकर्त्यांसाठी मुद्दाम लिहितो. काकासाहेब कालेलकर यांचा जन्म साताऱ्याचा. १९१५ मध्ये ते शांतिनिकेतनात होते आणि गांधीजींची व त्यांची भेट तेथेच झाली. दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या फिनिक्स आश्रमाची मुले तेव्हा शांतिनिकेतनात राहत होती. गांधीजी फेब्रुवारीत त्यांना भेटायला आले आणि दोनच दिवसांत पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनाची तार आली. ते तसेच पुण्याला निघाले. मार्चमध्ये परतल्यावर त्यांनी सुचवले, की स्वयंपाक आणि झाडलोट ही सारी कामे मुलांनी व शिक्षकांनी स्वतः करावीत. रवींद्रनाथांनी संमती दिली. प्रयोग फार दिवस चालला नाही, परंतु १० मार्च हा दिवस तेथे 'गांधी पुण्याह' म्हणून आजही पाळतात आणि त्या दिवशी सेवकवर्गाला सुटी देऊन आश्रमवासी कामे करतात. टिकलेल्या गोष्टींत ही एक धरावी.

रानजाई

मराठी माणसांचा विषय निघालाच आहे, तर सखाराम गणेश देऊस्कर यांना विसरू नये. बंगालमध्ये वाढलेल्या या मराठी लेखकाच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. पंडित भीमराव शास्त्री हसूरकर यांनी शांतिनिकेतनात संगीत शिकवले. आणि पु. ल. देशपांडे वयाच्या पन्नाशीत बंगाली शिकण्यासाठी तेथे जाऊन राहिले. त्या मुक्कामातून मिळालेली 'वंगचित्रे' घराघरांत आहेतच. एवढ्या मोठ्या नावलौकिकाच्या लेखकाने पुन्हा विद्यार्थी होऊन पाटी-पेन्सिलीपासून सुरुवात करावी, हा मला त्या जागेचाच गुण वाटतो.

केतकी

१८७८ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले होते ना? त्यांची मुलगी अन्नपूर्णा हिने त्यांना इंग्रजी शिकवले, असे वाचले आहे.

अक्षरवेल

होय. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी असलेल्या आत्माराम पांडुरंग तर्खडकरांचे ते घर. विलायतेत राहून आलेली अन्नपूर्णा त्यांची शिक्षिका झाली. तिने त्यांच्याकडून स्वतःसाठी एक नाव मागून घेतले आणि त्यांनी तिला 'नलिनी' म्हटले. ते नाव पुढे त्यांच्या कवितेत येत राहिले. ज्या मुलाला एकाही शाळेने धरून ठेवले नाही, तो त्या घरी आनंदाने शिकला, एवढे या धाग्यासाठी पुरेसे आहे.

सुधन्वा

मूळ प्रश्नाकडे परत येतो. काय टिकले? माझे उत्तर थोडे कठोर आहे. १९५१ मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले. त्यानंतर अनुदान आले आणि त्याबरोबर नेमणुका, परीक्षा आणि नियमही आले. देशातील इतर विद्यापीठांना जे रोग आहेत, ते तेथेही आले. २००४ मध्ये संग्रहालयातून नोबेल पदकच चोरीला गेले, तेव्हा मला फार मोठा धक्का बसला होता. वास्तू जपता येतात. छडीशिवाय आणि भीतीशिवाय शिकवणारी माणसे मात्र कोणत्याही वारसा यादीत घालून जपता येत नाहीत.

कोपईकाठी

सुधन्वा, तुमची व्यथा मी जवळून पाहिली आहे, परंतु मी पूर्ण सहमत नाही. पाठभवनात, म्हणजे तेथल्या शाळेत, आजही वर्ग झाडांखाली भरतात. मुले आपापली आसने घेऊन येतात आणि शिक्षकाभोवती अर्धवर्तुळात बसतात. साप्ताहिक सुटी रविवारी नसून बुधवारी असते, कारण त्या दिवशी सकाळी काचेच्या उपासनागृहात उपासना होते. २२ श्रावण या रवींद्रनाथांच्या पुण्यतिथीला तेथे झाड लावतात. रोपट्याला पालखीतून मिरवत आणतात आणि मुले गात-नाचत पुढे चालतात.

शांतिनिकेतनची चर्चा करताना सगळे श्रीनिकेतन विसरतात, याचे मला वाईट वाटते. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी लेनर्ड एल्महर्स्ट या तरुण इंग्रज शेतीतज्ज्ञाला बरोबर घेऊन रवींद्रनाथांनी सुरुल गावी ग्रामपुनर्रचनेचे काम सुरू केले. मलेरियाशी लढा, सहकारी संस्था, विणकाम, मातकाम, चामड्यावरील नक्षी आणि गावातल्या मुलांची व्रती बालक पथके असा त्याचा विस्तार होता. १९२४ मध्ये त्यांनी खेड्यातील गरीब मुलांसाठी 'शिक्षासत्र' ही वेगळी शाळा काढली. भद्रलोकांची मुले शेवटी मॅट्रिकच्याच वाटेने जातात, हे त्यांना शांतिनिकेतनात दिसले होते. शिक्षासत्रात त्यांना ते ओझे नको होते. तेथे मुले हाताने काम करत शिकत. चाफेकळींनी विचारले होते, की शाळा कोणासाठी होती. त्या प्रश्नाचे त्यांनी स्वतः शोधलेले, उशिरा आलेले उत्तर मला येथे दिसते.

चाफेकळी

हे उत्तर मला पटते. शिक्षासत्राविषयी आणखी वाचेन.

तिसरा तास

विद्यार्थ्यांची नावे पाहिली, तरी काहीतरी टिकले असे म्हणावे लागते. रामकिंकर बैज, विनोदबिहारी मुखर्जी, सत्यजित राय, महाश्वेता देवी, अमर्त्य सेन. सेन यांचे तर नावच रवींद्रनाथांनी ठेवलेले. त्यांचे आजोबा क्षितिमोहन सेन तेथे शिकवत आणि संतवाणी गोळा करत. विनोदबिहारींना लहानपणापासून अधू दृष्टी होती आणि पुढे ती पूर्ण गेली. दुसऱ्या एखाद्या शाळेने त्यांना चित्रकलेच्या वर्गात बसू दिले असते का?

निवृत्त गुरुजी

आणखी एक धागा शांतिनिकेतनाच्या फार बाहेर गेला आहे. जुलै १९४२ मध्ये वॉर्साच्या बंदिस्त ज्यू वस्तीत यानुश कोर्चाक या डॉक्टर-शिक्षकाने आपल्या अनाथालयातील मुलांकडून 'डाकघर' हे रवींद्रनाथांचे नाटक करवून घेतले. आजारी अमल खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो, ते नाटक. तीनच आठवड्यांत कोर्चाक आणि ती मुले त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेली गेली. रवींद्रनाथ जाऊन तेव्हा एक वर्ष होत आले होते.

केतकी

गुरुजी, हे वाचून काही सुचेनासे झाले आहे.

माणगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. इतके मिळेल, असे वाटले नव्हते.

मी एक गोष्ट ठरवली आहे. १९१८ मध्ये रवींद्रनाथांनी 'तोताकाहिनी' ही छोटी कथा लिहिली. राजा एका अडाणी पोपटाला शिकवण्याचा हुकूम सोडतो. सोन्याचा पिंजरा होतो, पोथ्यांच्या नकलांचे ढीग लागतात, देखरेख करणारे श्रीमंत होतात आणि पोपटाच्या चोचीत पाने कोंबली जातात. शेवटी राजा त्याला दाबून पाहतो, तर आत फक्त सुक्या पानांची सळसळ ऐकू येते. ही गोष्ट मी गुरुवारी चौथीच्या वर्गाला मराठीत सांगणार आहे. शाळेमागे कडुलिंबाचे झाड आहे, तेथेच बसू. पोपटाला नेमके काय हवे होते, हे मुलांना विचारीन आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत येथे लिहीन.

कोपईकाठी, आसने कशाची असतात, ते कृपया कळवा. आमच्याकडे गोणपाट मिळेल.

कोपईकाठी

साधी, चौकोनी, सुती किंवा तागाची असतात. गोणपाट उत्तम चालेल. कडेला दुहेरी शिवण घाला, म्हणजे धागे सुटणार नाहीत.